गुहागर सोडून पुएर्तो मोरेलोसला

"समुद्र बघायला सव्वाचार तास विमानात बसायचं? अगो, आपल्या वाडीचं मागचं बेडं काढलं की समुद्र. तो कोण बघणार?"

आईचं म्हणणं रास्त होतं. आमचं घर गुहागरच्या खालच्या पाटात. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, ती संपली की सुरूचं बन आणि मग पुळण. अशा घरातली मुलगी न्यू जर्सीत एडिसनला बसून लॅपटॉपवर समुद्रकिनारे शोधते, यात हसण्यासारखं आहेच. पण माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला पाण्यात डोकं घालून मासे बघायचे होते. गुहागरच्या पाण्यात डोकं घातलं तर नाकातोंडात वाळू जाते, मासा काही दिसत नाही. वर्गातल्या कुणीतरी सुट्टीतले फोटो दाखवले होते, त्यात पाणी निळं होतं. तेव्हापासून आमच्या घरी 'निळं पाणी' हा एकच जप चालू होता.

ही मार्च २०२३ची गोष्ट. मी आधी बार्बाडोस काढलं. भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही, म्हणून मी खूश. नवऱ्यानं आपला पासपोर्ट उघडून समोर ठेवला. त्याचा एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का केव्हाच संपला होता. नोकरीची मंजुरी चालू, अमेरिकेत राहायला हरकत नाही. पण एकदा बाहेर पडलं की परत आत यायला शिक्का हवा. त्याला एक पळवाट आहे. मेक्सिको किंवा कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन आलं आणि आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत शिल्लक असली, तर संपलेल्या शिक्क्यावरही परत घेतात. कॅरिबियन बेटांवरून येणाऱ्या एच-वन-बीवाल्यांना ही सवलत नाही. झालं, एका शिक्क्यापायी सगळी बेटं गेली. कॅरिबियन समुद्र हवा आणि देश मेक्सिको हवा, म्हणजे युकातान द्वीपकल्पाची पूर्व किनारपट्टी. किंताना रो राज्य.

तिथे पहिलं नाव येतं कानकुनचं. दुसरं तुलुमचं. कानकुनची हॉटेलांची रांग बघून मला नरिमन पॉइंटला पोहायला चालल्यासारखं वाटलं. तुलुम हे कानकुनच्या विमानतळापासून लांब, आणि महागही फार. नकाशावर बोट फिरवताना कानकुन विमानतळाच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर पुएर्तो मोरेलोस सापडलं. कोळ्यांचं गाव, मधोमध चौक, चौकापुढे धक्का, आणि धक्क्याजवळ एक कललेलं दीपगृह. १९६७ साली ब्यूला वादळानं ते कलवलं. गावानं ते पाडलं नाही, सरळही केलं नाही. नवं दीपगृह शेजारी बांधलं आणि जुनं तसंच ठेवलं. मला ते गाव तिथेच आवडलं.

दुसरं कारण जास्त कामाचं होतं. तिथला प्रवाळाचा बांध किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. मेसोअमेरिकन रीफ म्हणतात ती ही रांग, सुमारे हजार किलोमीटर लांब, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या खालोखाल. पुएर्तो मोरेलोससमोरचा तिचा तुकडा १९९८पासून राष्ट्रीय उद्यान आहे. लाटा तिकडेच फुटतात, किनाऱ्याशी पाणी निवांत. पाणी निळं का, याचंही उत्तर मिळालं. युकातान म्हणजे सगळा सपाट चुनखडक. पाऊस पडला की जमिनीत मुरतो, वरून वाहणाऱ्या नद्या जवळपास नाहीतच. आमच्याकडे वाशिष्ठी सह्याद्रीचा गाळ आणून समुद्रात ओतते, तसं तिथे ओतणारं कुणी नाही.

इथवर सगळं बरोबर केलं आणि मग चूक केली. लेकीची शाळा जूनच्या शेवटी सुटते म्हणून जुलैचं घर घेतलं. अर्ध्या भावात मिळत होतं. बाजारात वांगंसुद्धा मी दाबून बघून घेते. पण हे घर अर्ध्या भावात का, हे काही विचारलं नाही. आगाऊ रक्कम परत न मिळण्याच्या अटीवर टिचकी मारली आणि चहा ठेवला.

पंधरा दिवसांनी त्याच घराखालचे अभिप्राय वाचत बसले. एका बाईनं फोटो टाकला होता. निळं पाणी फोटोत लांब कुठेतरी, आणि त्याच्या अलीकडे तपकिरी गादी. शेणाचा सडा वाळूवर टाकावा तशी. खाली एकच ओळ : वास सहन होत नाही.

त्या तपकिरी गादीचं नाव सरगॅसम, तिकडच्या स्पॅनिशमध्ये सार्गासो. हे समुद्रशेवाळ जन्मभर तरंगतं. द्राक्षाएवढ्या नव्हे, मिऱ्याएवढ्या हवेच्या गोळ्या त्याला असतात. पूर्वी ते मुख्यतः उत्तर अटलांटिकात, सार्गासो समुद्रात असायचं. २०११पासून काहीतरी बिघडलं आणि पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा नवा पट्टा तयार व्हायला लागला. जून २०१८मध्ये उपग्रहांनी मोजला तेव्हा तो ८,८५० किलोमीटर लांब होता आणि त्यात २ कोटी टनांहून जास्त शेवाळ होतं. साधारण वसंतापासून उन्हाळाभर ते वारा-प्रवाहाबरोबर या किनाऱ्याला येऊन लागतं. किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो.

मला खरं वाटेना. मग गावातल्या किनाऱ्यावरचा एक थेट कॅमेरा सापडला. मे महिनाभर सकाळचा पहिला चहा मी त्या कॅमेऱ्यासमोर घेतला. कधी किनारा स्वच्छ, माणसं पाण्यात. दुसऱ्या दिवशी तपकिरी. मग काट्याच्या फावड्यांनी उपसणारी माणसं, ढकलगाड्या, एक ट्रॅक्टर. दुपारी बघावं तर पुन्हा स्वच्छ, आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड थर. मृगात आमच्या पुळणीवर काय काय वाहून येतं ते मी लहानपणापासून पाहिलंय, तरी असं नाही. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ दर महिन्याला या शेवाळाचा अंदाज काढतं, तोही वाचायला लागले. नवरा म्हणाला, "तू आता बंदर खात्यात नोकरीला लाग."

जूनच्या पहिल्या आठवड्यात जुलैचं घर सोडलं. आगाऊ रक्कम बुडाली. घरमालकाला लिहिलं, शेवाळाचं आधी सांगायला हवं होतंत. उत्तर आलं, समुद्र निसर्गाच्या हाती आहे. हे मला सांगायची गरज नव्हती.

आता तारखा. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा हंगाम. ऑक्टोबर २००५मध्ये विल्मा वादळ कोझुमेल-कानकुनवर येऊन जवळपास ठाण मांडून बसलं होतं. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या मावशीची वाडी मी पाहिलीये, पोफळी काड्यांच्या पेटीतल्या काड्या सांडाव्या तशा पडल्या होत्या. त्यामुळे 'बघू, नाही येणार' हा विचार माझ्याच्यानं होत नाही. डिसेंबरात नाताळाचे भाव. फेब्रुवारी-मार्चनंतर पुन्हा शेवाळाची धास्ती. गाळत गाळत जानेवारीचा शेवट उरला. त्यात शाळेचे चार दिवस बुडणार होते, त्याबद्दल बाईंना चिठ्ठी लिहिली. लग्नाचा मुहूर्त काढतानासुद्धा एवढ्या तारखा खोडल्या नव्हत्या.

उन्हाळ्यात आईनं कळवलं, नोव्हेंबरात येते, चार महिने राहीन. म्हणजे आम्ही चार जण, आणि चौघांचे कागद चार तऱ्हेचे. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिको पर्यटकाकडून वेगळा व्हिसा मागत नाही. आईचा बी-टू, म्हणजे पर्यटकाचा व्हिसा, दहा वर्षांचा. माझा शिक्का आदल्या वर्षी भारतात गेले तेव्हा नवा झालेला. लेक अमेरिकन. अडला तो पुन्हा नवराच. संपलेल्या शिक्क्यावर अमेरिका त्याला परत घेणार होती, पण त्याच संपलेल्या शिक्क्यावर मेक्सिको आत घेणार नव्हता. मेक्सिकोचा व्हिसा काढणं आलं.

मॅनहॅटनमधल्या त्यांच्या वकिलातीत वेळ मिळवणं हेच मोठं काम. रोज रात्री साइटवर जाऊन बघायचं, 'जागा नाही' वाचायचं आणि झोपायचं. तत्काळचं तिकीट काढणाऱ्याला ही साधना नवी नाही. ऑक्टोबरात एका गुरुवारी सकाळी सहाला जागा दिसली. बँकेची पत्रकं, नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, फोटो, पन्नासेक डॉलर शुल्क. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुठे जाणार. हा म्हणाला, पुएर्तो मोरेलोस. त्या म्हणाल्या, कानकुन नाही? छान. बास, एवढीच मुलाखत. व्हिसा पासपोर्टात चिकटवून त्याच दिवशी हातात. परतीसाठी त्यानं आय-९४, मंजुरीचं पत्र आणि नियमाची छापील प्रत अशी फाइल बनवली होती. परतताना नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं ती निवांत चाळली, मान डोलावली. रांगेत मागे उभी असलेली मी तेवढ्या वेळात अथर्वशीर्ष म्हणून घेतलं.

जेवणाचा प्रश्न मी शेवटी ठेवला होता, आणि तोच सगळ्यात रंगला. आई अंडंसुद्धा खात नाही. मेक्सिकोत शाकाहारी माणसाचं काय अडतं, भात आहे, राजमा आहे, मक्याची भाकरी आहे, असं मी तिला सांगून मोकळी झाले होते. मग कळलं की तो राजमा पुष्कळदा मान्तेकात परततात. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण चरबी आणि पाणी हे कुणाच्या लेखी मांस नाही. मी एक वाक्य पाठ केलं, लेकीला पाठ करवलं : सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो. म्हणजे मांस, कोंबडी, मासा, चरबी, कोंबडीचं पाणी, काही काही नको. लेक ते पसायदानाच्या चालीवर म्हणायची. शिवाय स्वयंपाकघर असलेलंच घर घ्यायचं ठरलं, चौकापासून चालत पाच मिनिटांवर, आणि छोटा कुकर बॅगेत.

एवढ्यात आईनं कॅलेंडर काढलं. "अगो, मधे संकष्टी आहे."

संकष्टी म्हणजे उपास, चंद्रोदय आणि नैवेद्य. ती याद्या करायला लागली. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, राजगिऱ्याच्या वड्या. मेक्सिकोत ताजी फळं-भाज्या, बी-बियाणं नेता येत नाही, त्यामुळे काय न्यायचं आणि काय तिथे मिळेल, हे मी शोधायला बसले. त्या रात्री मला जे वाचायला मिळालं त्यावर आईचा दोन दिवस विश्वास बसला नाही.

शेंगदाणा मूळचा अमेरिका खंडातला. बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद तिकडचा. खिचडीतली हिरवी मिरची तर खास मेक्सिकोची. आणि राजगिरा! मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळात थापून वड्या करतात, त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. फोटो दाखवला तर आई म्हणाली, "ही आपल्या देवळाबाहेर मिळते तीच." आपलं उपासाचं अख्खं ताट पोर्तुगीजांच्या आणि पुढच्यांच्या गलबतांतून आलंय. त्याआधी आपले लोक एकादशीला काय खायचे, यावर आई आणि नवऱ्याचा वाद रंगला, तो अजून मिटलेला नाही.

त्यातच चिकू निघाला. चिकूचं झाडही युकातानच्या जंगलातलं, नावही तिकडूनच आपल्याकडे आलेलं. त्याच्या खोडाला खाचा पाडून चीक काढायचे आणि त्यापासून च्युइंग गम करायचे. पुएर्तो मोरेलोस हे बंदर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वसलं ते जंगलातलं लाकूड आणि हाच चीक बाहेर पाठवायला. त्या चिकाला ते चिक्ले म्हणतात. आपला चीक आणि त्यांचं चिक्ले हा निव्वळ योगायोग असावा, पण कच्चा चिकू खाऊन ओठ चिकटलेत अशा कुणालाही तो पटणार नाही. आईचा विरोध इथे संपला. ज्या गावावरून चिकूचा चीक जायचा ते गाव तिला आता परकं वाटेना.

बाकीचं भराभर उरकलं. मेन्यूकार्डाचे फोटो बघताना मला घाम फुटला होता, डोशाएवढ्या पदार्थाला १४० डॉलर! पेसोलाही तीच डॉलरची खूण लावतात, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. तेव्हा डॉलरला साधारण सतरा पेसो होते. एटीएम 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' विचारतं, त्याला नाही म्हणायचं, कारण तो दर त्यांचा असतो. घड्याळ मागेपुढे करायचं नव्हतं. किंताना रो आणि न्यू जर्सी यांची हिवाळ्यातली वेळ एकच. सनस्क्रीन प्रवाळाला बाधतं, म्हणून लांब बाह्यांचे पोहायचे सदरे घेतले. आईला विचारलं तर म्हणाली, मी पाचवारीत घोट्यापर्यंत जाईन, मला सदरा नको.

एक गोष्ट मात्र नशिबानं वेळेत कळली. हिवाळ्यात तिकडे उत्तरेकडून थंड वारे येतात, त्यांना नॉर्ते म्हणतात. वारा वाढला की बंदर अधिकारी छोट्या होड्यांना समुद्रात जायची बंदी करतात. आपल्याकडे धक्क्यावर बावटा लावतात तसंच. प्रवाळ दाखवायच्या होड्या त्यात येतात. मी होडी शेवटच्या दिवशी ठेवली होती, चांगलं ते शेवटी म्हणून. ती उचलून दुसऱ्या दिवशी टाकली.

आणि एक गोष्ट आईमुळे कळली. आम्ही समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीचे जास्तीचे पैसे भरत होतो, सूर्यास्तासाठी. आईनं विचारलं, "तिथे समुद्र कुठल्या अंगाला?"

मी नकाशा बघितला. पूर्वेला. समुद्र म्हटलं की सूर्य त्यात बुडतो, हे मला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ठाऊक, त्यामुळे विचारायचं सुचलंच नव्हतं. नवरा म्हणाला, गच्ची रद्द करू. आई म्हणाली, "राहू दे. चंद्र कुठून येतो?"

जानेवारी २०२४च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. कानकुनच्या विमानतळावर बाहेर पडायच्या दालनात टॅक्सी, सहली आणि फुकट न्याहारी देणारे लोक दोन्ही बाजूंनी हाका मारतात. चिपळूण स्टँडवर रिक्षावाल्यांतून ज्यांनी वाट काढलीये त्यांनी घाबरू नये. बस हमरस्त्यावरच्या फाट्यावर सोडते. तिथून गाव दोनेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना कांदळवन, आणि मगरींपासून सावध राहा अशी पाटी. आईनं कांदळवन बघितलं आणि म्हणाली, हे तर आपल्या खाडीतलंच.

दुसऱ्या दिवशी होडी मिळाली. लेक वाटाड्याचा हात धरून पाण्यात उतरली, डोकं बुडवलं, नळीतूनच किंचाळली. वर आल्यावर पहिलं वाक्य : आई, खाली रहदारी आहे. तिसऱ्या दिवशी नॉर्ते सुरू झालं आणि बंदर बंद झालं ते दोन दिवस.

संकष्टीला वारा पडला, ढग राहिले. चौकातल्या एका मावशींकडून आलेग्रियाच्या सहा वड्या आणल्या होत्या, त्या ताटलीत. घरात कुकर लावलेला, वरणभात. गच्चीवर आई पाट नाही म्हणून उशीवर बसली, पूर्वेकडे तोंड करून. गुहागरला चंद्र डोंगरामागून येतो, तो दिसेतो चांगला वर चढलेला असतो. इथे समोर काळं पाणी, लांब प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि त्यामागे काहीच नाही. साडेनऊ वाजले. लेक पेंगायला लागली. ढगाच्या खालच्या कडेला आधी तांबूस डाग दिसला, मग पाण्यावर त्याची वाट उमटली, मग तो निघाला, एका बाजूनं झिजलेला, तांब्याच्या तबकासारखा.

आईनं हात जोडले, अक्षता टाकल्या आणि बराच वेळ बघत राहिली.

"अगो," ती म्हणाली, "हा ओला दिसतोय."